चैतरामचा तिसरा गुन्हा

१

मंडईच्या दुसऱ्या दिवशी झरपाटोला उशिरा उठतो. दिवाळीनंतरची ही गावजत्रा. घरोघरी पाहुणे, मैदानात दंडार हे इकडचं लोकनाट्य, मग नाटक, आणि जागरणानं तारवटलेले डोळे. या वर्षी मात्र गाव उजाडताच जागं झालं. धुणं घेऊन तलावावर गेलेल्या बायका कपडे तसेच घेऊन धावत परत आल्या. तलावात पाणीच नव्हतं.

तलाव फुटला नव्हता, पाळ शाबूत होती. पाळीच्या पोटातून शेतांना पाणी सोडायची जुनी दगडी वाट असते, तिला इकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमाची फळी कोणीतरी उपसून फेकून दिली होती. पाणी वाहून खालच्या पुरनलाल कटरेंच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, शिरलं होतं आणि कापून ठेवलेला धान पाण्यावर तरंगत होता.

पाळीवर, आपल्या झोपडीपुढे, तलावाचा चौकीदार चैतराम वलथरे आडवा पडला होता. सदरा मोहाच्या दारूनं भिजलेला. हलवलं तरी उठेना.

गावाला यात शोधण्यासारखं काही वाटलं नाही. चैतराम आणि पुरनलालचं वैर सगळ्यांना पाठ होतं. नशेत चैतरामनं एकदा पुरनलालच्या गड्याचं डोकं फोडलं होतं. त्यासाठी भंडाऱ्याच्या तुरुंगात गेला, आणि गेला त्याहून बिघडून परत आला. आल्यावर त्यानं पुरनलालनं रचून ठेवलेलं धानाचं पुंजणं पेटवलं. तेव्हा न्यायाधीशांनी वेगळाच निकाल दिला होता. शिक्षा राखून ठेवली आणि चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं. दारूवर उपचार घ्यायचे, काम करायचं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहायचं. पुन्हा गुन्हा केला तर राखून ठेवलेली शिक्षा भोगायची.

त्या परिवीक्षा अधिकारी म्हणजे पुष्पांजली बिसेन. त्या सकाळी गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी त्या गॅसवर दूध ठेवून उभ्या होत्या, तेवढ्यात फोन आला. ठाण्यातला फौजदार पीयूष बोलत होता.

"मॅडम, तुमचा चैतराम गेला."

पुष्पांजलीबाई दुधाकडे पाहायचं विसरल्या. "गेला? कसा?"

"मेला नाही हो. पुन्हा पिला. अन् तलाव सोडून दिला. सोमवारी बंधपत्र रद्द करायला अर्ज टाकतोय. तुम्हाला आधी सांगावं वाटलं, बस."

दूध उतू गेलं. चैतरामची दारू सुटून दोन वर्षं झाली होती. जिल्ह्यात असे आणखी काही जण त्यांच्या देखरेखीखाली होते, आणि ऑफिसातले वरिष्ठ गेल्याच महिन्यात हसून म्हणाले होते, "तुमचा एक जरी घसरला ना, तर हे सगळं बासनात जाईल. सुधारतं का कोणी?"

क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांनाही वाटलं की घसरला. मग काहीतरी आठवून त्यांनी गॅस बंद केला आणि फौजदाराला उलट फोन लावला.

"पीयूष, सापडला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता?"

"चेहरा? झोपला होता मॅडम. चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?"

२

स्कूटीवरून ठाण्यात पोचेपर्यंत दुपार झाली. चैतराम कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. बाहेर बाकावर त्याची बायको गोमती, कोरड्या डोळ्यांनी बसलेली.

"मी नाही पेलो, मॅडम," चैतराम म्हणाला. आवाज जड होता, पण शब्द ठाम. "कोन मानन? मले मालूम आहे कोनी नाही मानत. तुमी मानता का?"

"आधी मला सांगा. काल संध्याकाळी काय काय खाल्लं, काय प्यायलात, कोण आलं होतं?"

"समदे मंडईत. मी एकटा पाळीवर. गोमतीनं भाकर आन वांग्याची भाजी आणून देल्ली. मग संजू आला, उकडलेले शिंगाडे घेऊन. थोडा वेळ बसला, गेला. मग चंद्रकुमारभाऊ चहा घेऊन आले, मंडई सोडून. थंडी पडून राहिली म्हणे, घे. देवमाणूस आहे. त्यायनंच तर मले चौकीदार ठेवलं, नाही तं कोन ठेवते मह्यासारख्याले?"

"मग?"

"बसल्या बसल्या डोळे जड झाले. दिवेलागण होऊन राहिली होती. मग एकदम पोलीसच दिसले."

बाहेर गोमती उठून उभी राहिली. "मॅडमबाई, मह्या हातची भाकर खाऊन माणूस झोपते का असा? मले पहिले पकडा मंग." आणि थोडं थांबून, खालच्या आवाजात, "गोळीचं सांगू का फौजदाराले?"

पुष्पांजलीबाईंनी मान हलवून नको म्हटलं. चैतराम रोज एक गोळी घेत होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी दिलेली, दारू सोडवण्याची. तो गोळीवर आहे हे कोणाला सांगायचं नाही असं त्यानंच मागून घेतलं होतं. गावात हसतील, म्हणाला होता. उपचार म्हणजे नुसतं समुपदेशन असं गावाला वाटत होतं; गोळी हे त्याचं गुपित होतं आणि ते जपायचं वचन बाईंनी दिलं होतं.

पीयूष टेबलावरून म्हणाला, "मॅडम, सीधी बात आहे. दुश्मनी जुनी, दारू जुनी, माणूस जुना. रक्त तपासायला नागपूरला पाठवलंय. पण रिपोर्ट यायला महिने लागतात. कोर्ट तोवर थांबणार नाही."

"तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलू का मी?"

"बोला की."

आरोग्य केंद्रातली तरुण डॉक्टर फोनवर दमलेल्या आवाजात म्हणाली, "दारूचा वास होता, मॅडम. भरपूर. सदऱ्याला, मानेला, केसांना."

"आणि तोंडाला?"

"तोंडाला... आता तुम्ही विचारलं म्हणून. तोंड हुंगलं तेव्हा शिंगाड्याचा वास आला मला. मी म्हटलं, इतक्या तासांनी गेला असेल."

"उलटी? अंग लाल?"

"छे. नाडी संथ. गाढ झोपेत होता, एवढंच."

पुष्पांजलीबाईंनी फोन ठेवला. आता त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. चैतराम प्यायला नव्हता. त्याला दारूनं आंघोळ घातली होती. तसं करणारा माणूस काल त्याच्या झोपडीपर्यंत गेला होता.

३

तलावाच्या तळाशी काळा गाळ चमकत होता. गावातल्या बाया आणि पोट्टे गुडघाभर चिखलात उतरून हातानं मासे चाचपत होते. नुकसान झालं ते झालं, निदान कालवण तरी होईल.

पाळीवर मच्छीमार संस्थेचा सचिव चंद्रकुमार उभा होता. पांढरा सदरा, पायजमा पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेला, चेहरा ओढलेला. बाई दिसताच त्यानं हात जोडले.

"या मॅडम. पाहा, काय करून ठेवलं. यंदा सरकारी योजनेतून रोहू-कतला माशायचं बीज टाकलं होतं, आता वीतभर झाले असते. समदे गेले वाहून. पस्तीस घरं आहेत संस्थेची. मी त्यायले काय सांगू?"

"चैतरामला कामावर ठेवा असं तुम्हीच म्हणालात ना सभेत?"

"मीच. लोक विरोधात होते. मी म्हटलं, माणसाला संधी द्यायला पाहिजे. चुकलं माझं." त्यानं डोळे पुसले. "दोन वर्षं नुसत्या मनाच्या निश्चयावर राहिला बिचारा. पण मॅडम, निश्चय किती दिवस पुरते? मंडईच्या दिवशी समदं गाव पेऊन राहिलं, वास आला असन, सुटला ताबा. त्याला माफ करा तुमी. मी तं केलं."

बोलणं मोठं माणुसकीचं होतं. पुष्पांजलीबाईंनी ते ऐकून घेतलं. त्या पाळीवरून उतरून तुडुमापाशी गेल्या. तुडुमाच्या तोंडापुढे, तलावाच्या बाजूनं, बांबूच्या कामट्यांची दाट ताटी रोवलेली होती. ढीवर, म्हणजे इथले मच्छीमार, दरवर्षी बसवतात, मासे पाण्यासोबत शेतात जाऊ नयेत म्हणून. ताटी जागच्या जागी होती. तिच्यावर शेवाळ, पानकचरा आणि कोणाची तरी फाटकी चप्पल अडकलेली होती. दोन कामट्यांमध्ये बोट घालून पाहिलं, जेमतेम गेलं.

बाजूला एक म्हातारी टोपली घेऊन चिखलातून बाहेर आली. पुष्पांजलीबाईंनी डोकावून विचारलं, "काय मिळालं, आजी?"

"झिंगे भेटले. एक मरळ भेटली. एवढंच, बाई."

"रोहू नाही?"

"रोहू कोठचा? सकाळपासून कोनालेच नाही भेटला."

पुष्पांजलीबाई पुन्हा ताटीकडे पाहत राहिल्या, इतका वेळ की वरून चंद्रकुमारनं विचारलं, "काय पाहून राहिल्या, मॅडम?"

"काही नाही. चप्पल कोणाची असेल, विचार करत होते."

त्या वर आल्या तेव्हा पीयूष मोटारसायकलवरून आला. बाईंना बाजूला नेऊन म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट निघाली. पुरनलाल म्हणतो तो कालपर्यंत सालेकसाला मुलीकडे होता, आज सकाळी आला. पण दोन बायांनी काल अंधार पडल्यावर त्याची गाडी पाळीवर उभी पाहिली. तो खोटं बोलतोय."

४

पुरनलालकडे जाण्याआधी त्या संजूकडे गेल्या. संजू आणि चैतराम कधीकाळचे पिण्यातले जोडीदार. दोघंही एकाच वेळी भंडाऱ्याला होते. संजूची शिक्षा संपली तशी त्यानं मोहाची भट्टी लावली होती, मग पोलिसांच्या धाडींना कंटाळून शिंगाड्याच्या धंद्यात शिरला. अंगणात चुलीवर मोठ्या कढईत शिंगाडे उकळत होते.

"आले का मह्याकडं," संजू उठला नाही. "चोराच्या घरी पोलीस पहिले येतेत, मालूम आहे मले. दारू मीच पाजली म्हणता का?"

"मी पोलीस नाही. तुम्ही त्याला दारू पाजाल का, हे विचारायला आले."

संजूनं कढईखालचं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाला, "एकदा पाजली. दोन वर्ष होत आले असन. नाही म्हणत होता, मी म्हटलं एक घोट घे, दोस्ती तुटली का? घेतला. माय वं, मॅडम! डोरे लाल, तोंड लाल, छाती धडधडून राहिली, ओकून ओकून मरून राहिला होता. मी खांद्यावर टाकून दवाखान्यात नेला. तवा सांगितलं त्यानं, गोळी खातो म्हणून. त्या दिवसापासून मी भट्टी बंद केली."

"धाडींमुळे नाही?"

"लोकायले धाड सांगतो." तो चुलीकडे पाहत राहिला. "सांगू काय त्यायले? दोस्ताचं तोंड आठवते म्हणून सोडली?"

"हे तुम्ही कोणाला सांगितलंत? गोळीचं?"

"कोनाले नाही. त्यानं शपथ घातली."

पुष्पांजलीबाई उठल्या. आता त्यांच्या मनात विचार एका ओळीत लागायला लागले होते. चैतरामला दारुडा ठरवायचा कट ज्यानं केला, त्याला गोळीचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यानं दारू सोडून दुसरं काहीही वापरलं असतं. गोमतीला माहीत होतं. संजूला माहीत होतं. दोघंही सुटले.

उरले दोघं, चंद्रकुमार आणि पुरनलाल. आणि त्यातला एक खोटं बोलला होता.

५

पुरनलाल कटरे साठीचा, ताठ, मोजकं बोलणारा पोवार शेतकरी. ओसरीवर खाटेवर बसला होता. पुढे भिजलेल्या धानाच्या ओंब्या वाळत घातलेल्या. बाईंना पाहून त्यानं बायकोला पाणी आणायला सांगितलं, पण नजर वर केली नाही.

"पुरनलालजी, काल अंधार पडल्यावर तुमची गाडी पाळीवर होती."

"कौन बोलला?"

"दोन बायकांनी पाहिली. फौजदाराला तुम्ही वेगळं सांगितलंत. का?"

म्हाताऱ्यानं पुढची एक भिजलेली ओंबी उचलून पालथी केली. मग म्हणाला, "शरम वाटली, मॅडमजी."

"कशाची?"

"भरोसा केल्याची." तो एकदम उठून ओसरीच्या टोकाला गेला आणि पाठमोरा बोलत राहिला. "तुम्हीच बसवलं होतं ना आम्हाला समोरासमोर? माफी मागायला आला होता. तिथून निघाल्यावर त्यानं गोळीचं सांगितलं. मी म्हटलं, माफी तोंडानं नको. रोज सकाळी माझ्या अंगणात ये आणि माझ्या डोळ्यासमोर ती गोळी घे. मला वाटलं, आठ दिवस येईल. तो रोज येत राहिला. थंडीत आला, पावसात छत्री नसताना आला. माझी बायको पाणी देते, तो गोळी घेते आणि जाते. लोकाला वाटते मजुरी मागायला येते. मीही सांगितलं नाही कोणाला."

पुष्पांजलीबाई खाटेवर टेकल्या. समोरासमोरची ती बैठक त्यांनीच घडवली होती. पण तिथून निघाल्यावर दोघांनी आपसात ही अट ठरवली, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"मग काल?"

"तीन दिवस सालेकसाला होतो. परत येताना म्हटलं, पहिले त्याला पाहून घेऊ, तीन दिवस गोळी घेतली का नाही. पाहतो तर पडलेला. दारूचा भपकारा. मी मनात म्हटलं, पुरनलाल, तू मूर्ख. तीन दिवस पाठ फिरवली आणि याने गोळी सोडली. तसाच घरी आलो. तवा तलाव भरलेला होता. मी थांबलो असतो तर..." त्यानं तलावाच्या दिशेनं हात केला. "माझा धान गेला त्याचं दुःख नाही तेवढं."

"त्याचा चेहरा पाहिलात?"

"पाहिला. टॉर्च मारला मी."

"लाल होता? ओकला होता?"

पुरनलाल वळला. "नाही. लेकरासारखा झोपला होता."

"पुरनलालजी, ती गोळी सोडली तरी तिचा असर लगेच जात नाही. डॉक्टरांना विचारा, कधीकधी दोन आठवडे राहतो. तीन दिवस गोळी चुकवून तो दारू प्यायला असता, तर तुम्हाला तो तडफडताना दिसला असता. झोपलेला नाही."

म्हातारा खाटेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली होती.

"म्हणजे त्यानं..."

"एक थेंबही घेतला नाही. त्याला कोणीतरी झोपवलं आणि मग भिजवलं. ते कोणी, हे मला आता कळलंय. उद्या सकाळी तलावावर या. आणि येताना जे मला सांगितलंत ते सगळ्यांसमोर सांगायची तयारी ठेवा."

"शरम?"

"शरम दुसऱ्या कोणाला वाटायला पाहिजे."

६

रविवारी सकाळी पाळीवर सगळं गाव जमलं. पीयूषनं चैतरामला बेड्या न घालता आणलं होतं; बाईंच्या शब्दावर एवढं त्यानं मान्य केलं. संस्थेचे सभासद एका बाजूला, पुढे चंद्रकुमार. पुरनलाल येताच लोकांत कुजबुज झाली. तो सरळ चैतरामपाशी जाऊन उभा राहिला.

पुष्पांजलीबाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी आधी चैतरामला विचारलं, "गोळीचं सांगू?"

चैतरामनं गावाकडे पाहिलं, मग गोमतीकडे. "सांगा, मॅडम. हसले तं हसले."

त्यांनी सांगितलं. गोळी काय करते, एका घोटानं काय होतं. संजू पुढे येऊन आपण पाजलेल्या घोटाची गोष्ट बोलला. पुरनलालनं टॉर्चच्या उजेडात काय पाहिलं ते सांगितलं, आणि रोज सकाळी अंगणात काय घडतं तेही. कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हणजे तो प्यायला नव्हता," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "हे करणाऱ्याला वाटलं, पूर्वी दारू पिणारा आहे, नुसत्या निश्चयावर टिकून आहे, दारूचा वास आला की गाव विश्वास ठेवेल. आणि गावानं ठेवलाच. आता दुसरी गोष्ट. चंद्रकुमारभाऊ, मासे कुठे गेले?"

"वाहून गेले ना, मॅडम. समद्यायनं पाहिलं."

"पाणी जाताना पाहिलं. मासे जाताना कोणी पाहिले?" त्यांनी खाली बोट दाखवलं. "ती ताटी. फळी काढली, पण ताटीला कोणी हात लावला नाही. वीतभराचा रोहू त्या फटीतून जाईल का?"

संस्थेतला एक ढीवर तिरीमिरीत उतरून ताटीपाशी गेला, हात घालून पाहिला, आणि तिथूनच म्हणाला, "नाही जात."

"म्हणजे पाणी गेलं तरी मासे इथेच चिखलात राहायला हवे होते. काल दिवसभर बाया मासे पकडत होत्या. झिंगे मिळाले, मरळ मिळाली. रोहू मिळाला का कोणाला? कतला?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीच हो म्हणेना.

"नाही मिळाला, कारण तो तलावात कधी नव्हताच. पावसाळ्यात बीजाची गाडी आली, ती गावानं पाहिली. बीज सोडताना कोण होतं?"

"भाऊच होते," मागून कोणीतरी म्हणालं. "पाऊस पडून राहिला होता. आमाले म्हणे, तुमी कायले भिजता."

"थोड्या दिवसांनी जाळी पडली असती आणि तलाव रिकामा आहे हे उघड झालं असतं. म्हणून पाणीच गेलं पाहिजे होतं, आणि ते घालवणारा हाताशी तयार पाहिजे होता. असा माणूस ज्याचं नाव घेतलं की कोणी पुढे विचारणार नाही. शुक्रवारी चैतरामकडे तीन गोष्टी आल्या. भाकरी, शिंगाडे आणि चहा. भाकरी आणणारीला गोळीचं माहीत होतं. शिंगाडे आणणाऱ्याला माहीत होतं. पुरनलालजींनाही माहीत होतं. ते दारू ओतून त्याला अडकवायला कधीच गेले नसते. चहा आणणारा एकटाच उरतो, ज्याला काही..."

"मले कोनी सांगितलं होतं गोळीचं?" चंद्रकुमार ओरडला. "सांगितलं असतं तं..."

तो थांबला. पण शब्द निघून गेला होता, आणि पाळीवरच्या प्रत्येकाच्या कानात पोचला होता. पीयूष शांतपणे त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तं काय, भाऊ?" पीयूषनं विचारलं. "दुसरं काही केलं असतं?"

चंद्रकुमार खाली बसला. त्याच्या घरी थर्मास सापडला, आणि म्हाताऱ्या आईसाठी आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी. बीज त्यानं दुसऱ्या तालुक्यातल्या एका खाजगी तळ्याला विकलं होतं. गाडीच्या ड्रायव्हरनं पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकलं.

चैतराम मात्र त्या गर्दीत हललाच नाही. तो चंद्रकुमारकडे पाहत होता. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी मले कामावर घेतलं तवाच हे ठरवलं होतं का?"

चंद्रकुमारनं खाली घातलेली मान तशीच होकारार्थी हलवली.

पुरनलालनं चैतरामच्या दंडाला धरलं आणि त्याला तिथून बाजूला नेलं.

७

सोमवारी अर्ज कोर्टापुढे आला तेव्हा पीयूषनं स्वतः उभं राहून तो मागे घेतला. न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"बंधपत्र चालू राहील. पण नवा जामीनदार लागेल. पूर्वीचा जामीनदार चंद्रकुमार होता असं दिसतंय." कोर्टात हलकी हालचाल झाली. "आता याच्यासाठी कोण उभं राहतंय?"

गोमती उठायच्या आत मागच्या बाकावरून पुरनलाल उठला. धुतलेलं धोतर, हातात टोपी.

"मी, साहेब."

न्यायाधीश बाईंनी समोरचे कागद उलटून पाहिले. "पुरनलाल कटरे? या प्रकरणातले फिर्यादी तुम्हीच ना? पुंजणं तुमचंच जळलं होतं?"

"हो जी."

"आणि आता त्याची जबाबदारी घ्यायला तुम्हीच?"

"साहेब," पुरनलाल म्हणाला, "याच्या हातानं सगळ्यात जास्त नुकसान माझं झालं. हा पुन्हा बिघडला तर पुन्हा माझंच होणार. म्हणून मीच लक्ष ठेवतो. दुसऱ्या कोणाला काय पडली आहे?"

न्यायाधीश बाई हसल्या नाहीत, पण सही करताना त्यांची लेखणी थोडी रेंगाळली. कोर्टातल्या कारकुनानं पुरनलालला सहीची जागा दाखवली. म्हाताऱ्यानं चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. चैतराम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. त्याचे खांदे हलू लागले, आणि तो रडत असल्याचं लपवायचा त्यानं मुळीच प्रयत्न केला नाही.

बाहेर व्हरांड्यात ऑफिसातल्या वरिष्ठांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "बिसेन मॅडम, अभिनंदन. आणि ऐका, भंडाऱ्याहून आणखी दोघं सुटून येतायत. तुमच्याकडेच देतोय."

"द्या," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "पण सर, एक सांगते. या वेळी घसरला तो दुसराच कोणी होता."

पलीकडून आवाज आला, "लक्षात आलं."

त्या फोन ठेवून वळल्या, तर चैतराम समोर उभा. गोमती आणि पुरनलाल पायऱ्या उतरत होते, धानाच्या भिजलेल्या ओंब्यांवरून वाद घालत. किती वाळतील, किती फेकाव्या लागतील.

"मॅडम," चैतराम म्हणाला, "एक विचारू का? चंद्रकुमारभाऊले शिक्षा होईन. होऊ द्या, व्हायलेच पाहिजे. पण सुटून आल्यावर गावात त्याच्याशी कोन बोलन?"

पुष्पांजलीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हाच माणूस दोन वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलासमोर बसून म्हणाला होता की त्याला कोणाचंच काही वाटत नाही.

"तुम्ही बोलाल?"

चैतरामनं डोकं खाजवलं. "आज नाही," तो म्हणाला. "आज मले राग येऊन राहिला. पण येईन तवा पाहू. कोनी तरी बोललं पाहिजे, नाही तं मह्यासारखंच होईन त्याचं."

पायऱ्यांखालून पुरनलालनं हाक मारली, बस निघायची होती. चैतराम धावतच खाली उतरला.